फुलपाखरांसाठी घरगुती फीडर : वाचकांचे प्रश्न

बागकामाच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे फुलपाखरांसाठी घरी करावयाच्या फीडरविषयी, म्हणजे त्यांना साखरपाणी किंवा फळे देण्याच्या साधनाविषयी, आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण फीडर करायला पंधरा मिनिटे पुरतात, पण तो रिकामा का राहतो हे समजायला फुलपाखराचे पाय आणि सोंड यांची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

प्रश्न : काचेच्या रिकाम्या बरणीच्या झाकणाला भोक पाडून, त्यात कापसाचा बोळा घट्ट बसवून आणि बरणीत साखरपाणी भरून मी ती झाडाला उलटी टांगली. बरणीभोवती रंगीत कागदाची फुलेही चिकटवली. तीन आठवडे झाले, एकही फुलपाखरू फिरकलेले नाही. उलट रोज दुपारी बरणी ठिबकते आणि खाली मुंग्यांची रांग लागते. माझे काय चुकले?

उत्तर : आपल्या हातून चूक झालेली नाही; दोष त्या रचनेतच आहे. माझा पहिला फीडर अगदी असाच होता आणि त्याखालची फरशी मी महिनाभर घासत होतो.

आधी ठिबकण्याविषयी. उलटी केलेली बरणी गळत नाही, याचे श्रेय आपण बोळ्याला देतो. प्रत्यक्षात आतल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो आणि बाहेरची हवा द्रावणाला खालून तोलून धरते. दुपारी ऊन लागले की बरणीतील हवा तापून प्रसरण पावते आणि तेवढेच द्रावण बोळ्यातून खाली ढकलते. अर्धा लिटरची बरणी निम्मी भरलेली असेल, तर आत २५० मिलिलिटर हवा असते. ती २५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर साधारण १२ मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच चहाचे चमचे द्रावण बाहेर येते. बरणी काठोकाठ भरून आत केवळ ५० मिलिलिटर हवा ठेवली, तर हेच प्रमाण अडीच मिलिलिटरवर येते. म्हणून बरणीचाच आग्रह असेल, तर ती अगदी लहान घ्यावी, पूर्ण भरावी आणि दुपारचे थेट ऊन तिच्यावर पडू देऊ नये. टांगण्यापूर्वी ती नुसत्या पाण्याने भरून, मोरीवर उलटी धरून तपासावी. या तपासणीत गळणारी बरणी बागेतही गळणारच.

आता फुलपाखरे का येत नाहीत, ते पाहू. फुलपाखराला गोडी कळते ती प्रथम पायांनी. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ ड्वाइट मिनिक यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवले होते, की फुलपाखराच्या पायांच्या टोकांना साखरेचे द्रावण लागले की त्याची गुंडाळलेली सोंड आपोआप उलगडते. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे आपल्या बरणीतील विसंगती चटकन दिसते. रंग आहे बरणीच्या अंगावर आणि साखर आहे तिच्या तळाशी. एखादे फुलपाखरू रंग पाहून आलेच, तर ते कागदाच्या फुलावर उतरते, पायांना कोरडा कागद लागतो, सोंड उलगडत नाही आणि ते निघून जाते. खालच्या बोळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला गुळगुळीत काचेवरून उलटे चालत जावे लागेल, आणि तसे करण्याचे त्याला काहीच कारण नाही. तेव्हा रंग आणि गोडी एकाच जागी हवीत, आणि त्या जागी पाय रोवून उभे राहता आले पाहिजे.

रंगाच्या बाबतीत मात्र आपला विचार योग्यच आहे. जपानमधील संशोधकांनी पॅपिलिओ झूथस या पिवळ्या-काळ्या फुलपाखरांना रंगीत कागदाच्या तुकड्यावर साखरपाणी पाजले आणि पुढे अनेक रंगांच्या तुकड्यांतून ती तोच रंग अचूक निवडू लागली. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पण अनेक फुलपाखरांना तो चांगला दिसतो, आणि ज्या अतिनील किरणांचा आपल्याला पत्ताही नसतो तेही त्यांना दिसतात. लाल, नारिंगी, पिवळा, गुलाबी आणि जांभळा हे रंग वापरावेत. एकदा त्या रंगावर काही प्यायला मिळाले, की फुलपाखरू तो रंग लक्षात ठेवते. म्हणून फीडर आणि त्याचा रंग दर आठवड्याला बदलण्याचा मोह आवरावा.

प्रश्न : मग फीडर नेमका कसा करावा? मापे आणि साहित्य सविस्तर सांगावे.

उत्तर : मी उथळ ताटलीचा फीडर सुचवीन. साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची, दोन-अडीच सेंटिमीटर काठ असलेली प्लॅस्टिकची किंवा चिनी मातीची ताटली घ्यावी. मोठ्या कुंडीखाली ठेवतात ती ताटली यासाठी चांगली चालते. प्लॅस्टिकची असेल, तर काठाजवळ समान अंतरावर तीन भोके पाडावीत. गरम खिळ्याने भोक स्वच्छ पडते. हातोडीने ठोकल्यास प्लॅस्टिक तडकते. भोकांतून सारख्या लांबीच्या तीन दोऱ्या ओवून वर एकत्र गाठ मारावी. चौथी दोरी लावू नये, कारण तीन दोऱ्यांवर ताटली सहज समतल राहते, तर चारांपैकी एक दोरी हमखास सैल पडते आणि ताटली कलते. चिनी मातीच्या ताटलीला भोके पाडण्याच्या भानगडीत न पडता ती विटांच्या रचावर किंवा उपड्या कुंडीवर ठेवावी.

ताटलीत भांडी घासण्याची प्लॅस्टिकच्या जाळीची नवी, कोरी घासणी ठेवावी. साबण भरलेली किंवा तारेची घासणी चालणार नाही. लाल किंवा पिवळी मिळाली तर रंगाचाही प्रश्न सुटतो. ही घासणी स्पंजपेक्षा सरस ठरते, कारण तिच्या जाळीत पायांची नखे अडकवून फुलपाखरू स्थिर उभे राहू शकते, जाळीच्या फटींतून त्याची सोंड खालच्या द्रावणापर्यंत पोहोचते आणि पंख मात्र कोरडे राहतात. साखरपाणी घासणीच्या निम्म्या उंचीपेक्षा वर येऊ देऊ नये. उघडे द्रावण दिसत असेल, तर तेथे धुतलेले गुळगुळीत गोटे किंवा काचेच्या गोट्या भराव्यात. नाहीतर लहान कीटक त्यात बुडून मरतात आणि सकाळी ताटली पाहवत नाही.

पहिले काही दिवस बागेतील दोन-चार ताजी फुले देठासह घासणीच्या जाळीत खोचून ठेवावीत. फुलपाखरू ओळखीच्या फुलासाठी उतरते आणि उतरताच पायांना साखर लागते. मला कागदाच्या किंवा कापडाच्या फुलांपेक्षा या साध्या युक्तीचा अधिक उपयोग झाला आहे.

जागा निवडताना सकाळचे ऊन आणि वाऱ्यापासून आडोसा या दोन गोष्टी पाहाव्यात. फुलपाखराला स्वतःचे शरीर आतून उबदार ठेवता येत नाही. नीट उडण्यासाठी त्याच्या शरीराचे तापमान साधारण ३० अंशांच्या आसपास यावे लागते, आणि म्हणूनच सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसते. थंड सावलीतल्या फीडरकडे ते सहसा जात नाही. फीडर फुललेल्या झाडांच्या जवळ आणि फुलांच्याच उंचीवर, किंवा हातभर वर असावा. वाऱ्याने झोके घेणारी ताटली हलकी वाटत असेल, तर तिच्यात दोन गोटे अधिक टाकावेत.

प्रश्न : साखर आणि पाणी यांचे प्रमाण किती असावे? साखरेऐवजी मध किंवा गूळ अधिक नैसर्गिक ठरणार नाही का?

उत्तर : वजनाने एक भाग साखर आणि नऊ भाग पाणी, म्हणजे २० ग्रॅम साखरेला १८० मिलिलिटर पाणी, येथून सुरुवात करावी. हे १० टक्क्यांचे द्रावण झाले. फुलपाखरे ज्या फुलांवर जातात त्यांतील मकरंदात अनेकदा २० ते २५ टक्के साखर असते, तेव्हा २० टक्क्यांपर्यंत जाण्यास हरकत नाही. पण उघड्या ताटलीतील पाणी उन्हाने उडत राहते आणि सकाळी १० टक्क्यांचे असलेले द्रावण निम्मे आटले की आपोआप २० टक्क्यांचे होते, हे विसरू नये.

जास्त गोड म्हणजे जास्त चांगले, हा समज येथे चालत नाही. फुलपाखराची सोंड ही केसासारखी बारीक नळी असते आणि डोक्यातील लहानशा स्नायूंच्या पंपाने त्याला द्रव ओढून घ्यावा लागतो. पाण्याच्या तुलनेत २० टक्के साखरेचे द्रावण वाहताना सुमारे दुप्पट विरोध करते, ४० टक्क्यांचे सुमारे सहापट आणि ६० टक्क्यांचे तर पन्नासपटींहून अधिक. दाट पाक ताटलीत ओतणे म्हणजे त्याच्यासमोर भरलेले पण उघडता न येणारे भांडे ठेवणे होय. शिवाय सुकलेला पाक पायांना चिकटतो.

पाणी उकळून, त्यात साखर विरघळवून, पूर्ण थंड झाल्यावरच द्रावण वापरावे. उरलेले द्रावण झाकून फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवता येते, मात्र वापरण्यापूर्वी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

मध नको. पाणी घातलेला मध लवकर आंबतो, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की मधात मधमाश्यांच्या अळ्यांना मारणाऱ्या फाउलब्रूड या रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही, परंतु आपल्या ताटलीवर मधमाश्याही येणारच. गुळात आणि तपकिरी साखरेत मळीचे घटक असल्याने त्यांचे द्रावणही लवकर बिघडते. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांत ऊर्जाच नसते. खाद्यरंग घालू नये; रंग ताटलीला असावा, पाण्याला नको.

प्रश्न : माझ्या बागेत तपकिरी, वाळक्या पानांसारखी दिसणारी फुलपाखरे पुष्कळ आहेत. साखरपाण्याकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर : त्यांना फळे द्यावीत, आणि तीही आपण खाणार नाही इतकी पिकलेली. निम्फॅलिडी या मोठ्या कुळातील अनेक फुलपाखरे फुलांवर क्वचितच जातात. झाडाच्या जखमेतून झिरपणारा रस, गळून सडलेली फळे आणि प्राण्यांची विष्ठा हे त्यांचे अन्न असते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील झळाळत्या निळ्या रंगाचे प्रसिद्ध मॉर्फो फुलपाखरू याच गटातले आहे. एवढ्या देखण्या जिवाची आवड ऐकून काहींचा हिरमोड होतो. माझा मात्र त्याच्याविषयीचा आदर वाढला.

सालीवर काळे डाग पडलेली केळी यासाठी सर्वांत सोयीची असतात. सालासकट जाड काप करावेत, काट्याने थोडे ठेचावेत आणि ताटलीत पसरावेत. आंबा, अननस, कलिंगड, अर्धे कापलेले संत्रे हेही चालते. फळाचा पृष्ठभाग सुकला की सोंडेला काही ओढता येत नाही, म्हणून दिवसातून एक-दोनदा त्यावर पाणी शिंपडावे. अधिक परिणाम हवा असेल, तर ठेचलेली केळी थोडी साखर घालून बरणीत दोन दिवस आंबू द्यावीत. बरणीचे झाकण सैल ठेवावे, कारण आंबताना वायू तयार होतो आणि घट्ट लावलेले झाकण उडते. फुलपाखरांचा अभ्यास करणारे संशोधक आमिष म्हणून हेच आंबवलेले केळे वापरतात.

त्यांच्या सापळ्यातून आपल्यालाही एक धडा घेता येतो. व्हॅन सोमरेन-रायडन या नावाने ओळखला जाणारा सापळा म्हणजे वरून बंद असलेली जाळीची उभी नळी असते आणि तिच्या खाली, थोडी फट ठेवून, आमिषाची थाळी टांगलेली असते. खाऊन झालेले फुलपाखरू आल्या वाटेने बाहेर न पडता सरळ वर उडते आणि जाळीत अडकते. आपल्याला त्याला अडकवायचे नसल्यामुळे फळांच्या ताटलीवर अगदी टेकलेले छप्पर घालू नये. पावसासाठी आडोसा हवाच असेल, तर तो किमान दोन फूट उंच असावा.

हे फुलपाखरू ताटलीवर आले की शक्य तितके जवळ जाऊन पाहावे; खाण्यात गुंगलेले असताना ते सहजासहजी उडत नाही. त्याला सहा पायांऐवजी चारच दिसतील. पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी मुडपलेले असतात. निम्फॅलिडी कुळाची ही खूणच आहे. पंख मिटलेले, शरीर स्थिर आणि सोंड मात्र सतत चाललेली असते. साधारण मध्यावर कोपरासारखी वाकलेली ती सोंड केळ्याच्या पृष्ठभागावर पुढे-मागे फिरते, एखाद्या फटीशी थांबते, पुन्हा सरकते. मला तर या दृश्यापुढे फुलावर बसलेले फुलपाखरू थोडे अळणी वाटू लागले आहे.

आंबलेल्या फळातील मद्यार्काने त्यांचे नुकसान होईल का, असेही एका वाचकाने विचारले आहे. जंगलात ती असाच रस पितात. मात्र वरून बिअर ओतण्याचा जो सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. मंदावलेले फुलपाखरू सरडा आणि पक्षी यांच्या तावडीत सहज सापडते.

प्रश्न : मुंग्या, गांधीलमाश्या आणि पाली यांचा बंदोबस्त कसा करावा? कीटकनाशक खडूची रेघ ओढली तर चालेल का?

उत्तर : खडू, फवारा, पावडर यांपैकी काहीही फीडरच्या आसपास वापरू नये; मुंगी आणि फुलपाखरू हे दोन्ही कीटकच आहेत आणि विष त्यांच्यात भेद करीत नाही. टांगलेल्या ताटलीसाठी पाण्याचा खंदक पुरतो. बाटलीचे एक खोल झाकण घ्यावे, त्याच्या मध्यातून जाड तार ओवावी, भोक मेणाने किंवा गोंदाने बंद करावे आणि झाकण उताणे राहील अशा बेताने ताटली त्या तारेच्या खालच्या आकड्याला अडकवावी. झाकणात पाणी भरले की वरून येणाऱ्या मुंग्यांची वाट अडते. मात्र पाणी रोज भरावे लागते, आणि शेजारची एखादी फांदी ताटलीला टेकत असेल, तर सारा खंदक व्यर्थ जातो. विटांवर ठेवलेली ताटली पाणी भरलेल्या मोठ्या परातीत उभी करावी. दोरीला ग्रीस फासण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, कारण ते पक्ष्यांच्या पिसांना आणि फुलपाखरांच्या पंखांना लागते.

गांधीलमाश्या फार झाल्या, तर फळे दोन-तीन दिवस काढून घ्यावीत आणि फीडर आठ-दहा फूट दूर हलवावा. पाल आणि सरडा यांच्यासाठी एवढेच करावे, की ताटली भिंतीपासून आणि दाट झुडपापासून निदान तीन फूट मोकळी असावी. एखादा प्रार्थनाकीटक जाळीवर ठाण मांडून बसला, तर त्याला काडीने उचलून दूर सोडावे. तो परत येईल.

प्रश्न : फीडर किती दिवसांनी धुवावा?

उत्तर : गरम हवेत दर दोन दिवसांनी, थंड हवेत तीन-चार दिवसांनी, आणि द्रावण गढूळ दिसले, बुरशीचा ठिपका दिसला किंवा आंबट वास आला तर त्याच क्षणी. गरम पाणी आणि ब्रश पुरेसा आहे. साबण लावलाच, तर त्याचा अंशही राहणार नाही इतके खळखळून धुवावे. घासणी दर महिन्याला बदलावी.

हा आग्रह केवळ टापटिपीसाठी नाही. एरवी विखुरलेली फुलपाखरे फीडरवर एका जागी येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रोगही येतात. मोनार्क फुलपाखराला ग्रासणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचे बीजाणू त्याच्या शरीरावरील खवल्यांत असतात आणि ते बसते त्या जागी झडतात. गर्दी जितकी अधिक, तितका त्यांचा प्रसार अधिक. म्हणून मोठ्या एका फीडरपेक्षा लांब-लांब ठेवलेल्या दोन लहान ताटल्या बऱ्या.

प्रश्न : आमच्या मुलीने घरात वाढवलेल्या कोषातून आज सकाळी फुलपाखरू बाहेर आले. त्याच्या शरीरातून लाल थेंब गळले. जखम झाली असेल म्हणून आम्ही त्याला लगेच साखरपाणी दिले, पण ते पीत नाही. काय करावे?

उत्तर : काहीही करू नये. ते रक्त नाही. फुलपाखरांचे रक्त लाल नसतेच. कोषातून बाहेर पडल्यानंतर फुलपाखरू कोषावस्थेत साठलेली टाकाऊ द्रव्ये या लाल, नारिंगी किंवा तपकिरी थेंबांच्या रूपाने टाकून देते. पंख पूर्ण पसरून वाळायला एक-दोन तास लागतात आणि उडण्याजोगे व्हायला आणखी काही. त्याच्या तोंडाकडे पाहिलेत, तर सोंड दोन वेगळ्या धाग्यांसारखी दिसेल. कारण ती जन्मतः दोन अर्ध्या पन्हळींची असते आणि वारंवार गुंडाळून-उलगडून फुलपाखरू त्या दोन्ही एकमेकींत अडकवते. ही जोडणी पूर्ण होईपर्यंत त्याला काहीच पिता येत नाही, आणि पहिल्या दिवशी त्याची गरजही बहुधा नसते. त्याला उभ्या काडीवर निवांत लटकू द्यावे, हात लावू नये, आणि दुपारपर्यंत फुलांजवळ सोडावे.

थकलेले, मोठे फुलपाखरू जमिनीवर सापडले, तर मात्र हाताने पाजता येते. मिटलेले पंख मुळाशी बोटांच्या चिमटीत हलकेच धरून, त्याचे पाय १० टक्के साखरपाण्यात भिजवलेल्या कापसावर टेकवावेत. बहुतेक वेळा तेवढ्याने सोंड उलगडते. न उलगडल्यास दात कोरण्याच्या काडीचे टोक सोंडेच्या वेटोळ्याच्या मध्यात घालून ती कापसापर्यंत अलगद ओढावी. साखरेचा थेंब त्याच्या अंगावर टाकू नये, कारण त्याने त्याची श्वासरंध्रे बंद होतात.

प्रश्न : फुलपाखरे ओल्या मातीवर घोळक्याने बसलेली दिसतात. त्यासाठी बागेत वेगळी सोय करता येईल का?

उत्तर : अवश्य, आणि ती सर्वांत सोपी आहे. या वर्तनाला चिखलपान म्हणतात. घोळक्यात बहुतेक नर असतात आणि त्यांना पाण्यापेक्षा त्यातील क्षार, विशेषतः सोडियम, हवे असते. अळीने खाल्लेल्या पानांत सोडियम फारच थोडे असते. हे सोडियम नर मिलनाच्या वेळी मादीला देतो आणि ते पुढे अंड्यांपर्यंत पोहोचते. कुंडीखालच्या ताटलीत धुतलेली वाळू भरावी, तीत मूठभर जुने शेणखत मिसळावे आणि अर्धा लिटर पाण्यात एकच चिमूट मीठ विरघळवून ते ओतावे. वाळू कायम ओली राहावी, पण तिच्यावर पाणी साचू नये. ताटली जमिनीतच बसवावी. पुढे नुसते साधे पाणी घालत राहावे. प्रत्येक वेळी मीठ टाकल्यास ते साठत जाते.

प्रश्न : रात्री फीडरजवळच्या दिव्यापाशी तळहाताएवढा पतंग येऊन बसतो. तो काही खात नाही. त्याच्यासाठी काय ठेवावे?

उत्तर : काहीही ठेवू नये. अ‍ॅटलस पतंग आणि त्याच्या कुळातील इतर मोठ्या पतंगांना काम करणारी सोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर त्यांचे एक-दोन आठवड्यांचे आयुष्य निघून जाते. दिवा मात्र बंद करावा, म्हणजे उरलेल्या रात्री तो जोडीदार शोधू शकेल.

प्रश्न : फीडरमुळे फुलपाखरे आळशी होऊन फुलांवर जाणे सोडतील का? आणि चांगला फीडर असेल, तर झाडे लावण्याची गरज उरते का?

उत्तर : पहिल्या शंकेचे कारण नाही. फुलपाखरू एका ठिकाणी पोट भरून थांबत नाही. आपली ताटली ही त्याच्या दिवसभराच्या अनेक थांब्यांपैकी एक असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे, कारण फीडरविषयी उत्साहाने लिहिताना हीच गोष्ट मागे पडते. साखरपाण्यात फक्त साखर असते, तर मकरंदात थोडी अमिनो आम्ले आणि क्षारही असतात. मोठा फरक त्याच्याही पुढचा आहे. मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांवरच, आणि त्या झाडांवाचून अळीची उपासमार होते. शेपटीवाल्या पॅपिलिओ फुलपाखरांपैकी अनेकांना लिंबाच्या कुळातील झाडे लागतात, मोनार्क आणि प्लेन टायगर यांना रुईच्या गटातील, पांढऱ्या पिएरिस फुलपाखरांना कोबी-मोहरीच्या गटातील, आणि बऱ्याच तपकिरी फुलपाखरांना तर साधे गवत. एवढी जागा नसेल, तर गॅलरीत एका मोठ्या कुंडीतील लिंबाचे रोपही पुरते. त्याची पाने कुरतडलेली दिसली आणि पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका हलताना दिसला, तर फवारणीचा पंप जागेवर ठेवावा. ती पॅपिलिओची लहान अळी असते. पाने ओरबाडली जातील, पण सशक्त रोप पुन्हा फुटते. जैविक म्हणून विकले जाणारे बीटी जिवाणूंचे औषधही येथे वापरू नये, कारण त्याचा एक प्रकार नेमका पतंग आणि फुलपाखरे यांच्या अळ्यांवरच चालतो.

माझ्या अनुभवात ज्या बागेत अळ्यांची झाडे आणि हंगामभर फुलणारी चार-दोन रोपे आहेत, तेथे फीडर पहिल्या आठवड्यातच गजबजतो; नुसत्या हिरवळीवर टांगलेला फीडर महिनोन्‌महिने रिकामा राहू शकतो. ज्यांनी झाडे आत्ताच लावली आहेत, त्यांनी ती फुलेपर्यंत फळांची ताटली चालू ठेवावी, आणि काही दिवस बाहेरगावी जायचे असेल तेव्हा ती धुऊन उपडी घालून जावे.